मुलांना 'द स्नोमॅन' दाखवताना मध्ये बोलायचं का?

कट्टेकरी

नमस्कार. ठाण्याला मानपाड्यात आमच्या सोसायटीत रविवारी संध्याकाळी मुलांचा वाचनकट्टा भरतो. चार वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतची मुलं येतात. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी क्लबहाउसमध्ये 'द स्नोमॅन' दाखवायचा विचार आहे. रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८ च्या चित्रपुस्तकावरून १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये केलेला २६ मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट, सबंध हाताने काढलेला.

गोष्ट इतकीच: रात्रभर बर्फ पडतो, सकाळी एक मुलगा अंगणात बर्फाचा माणूस उभा करतो. कोळशाचे डोळे, संत्र्याचं नाक, डोक्यावर हॅट. मध्यरात्री तो जिवंत होतो. मुलगा त्याला घरात आणून घर दाखवतो. मग तो मुलाचा हात धरून त्याला आकाशात नेतो. दुसऱ्या सकाळी मुलगा धावत बाहेर येतो तेव्हा अंगणात फक्त हॅट, गळपट्टा आणि ओला ढीग उरलेला असतो.

कमिटीतल्या एका काकांनी सुचवलं की आपल्या मुलांनी बर्फ पाहिलेला नाही, चित्रपटात संवाद नाहीत, तेव्हा कुणीतरी माइकवरून मराठीत गोष्ट सांगत राहावं. काकांचा हेतू चांगला आहे, मुलांसाठी ते नेहमीच पुढे असतात. पण मला हे मनापासून पटत नाहीये, आणि का ते इथे मांडते.

पुस्तकात एकही शब्द नाही. त्याआधी ब्रिग्ज दोन वर्षं 'फंगस द बोगीमॅन' या चिखल, बुरशी आणि शब्दांनी गच्च भरलेल्या पुस्तकात बुडालेले होते. तिथून बाहेर पडल्यावर त्यांना काहीतरी स्वच्छ, ताजं आणि शब्दांवाचूनचं करायचं होतं. पुस्तक पूर्ण रंगीत पेन्सिलींनी काढलं आहे. पानावर लहान लहान चौकटी येत राहतात, आणि दोघं उडायला लागले की चित्र पानभर पसरतं. वाचणारं मूल तिथे आपोआप थांबतं.

चित्रपट करणाऱ्यांनी गोष्टीत बरेच बदल केले. मोटरसायकल आणली, उत्तर ध्रुव आणला, सांताक्लॉज आणला. मुलाला जेम्स हे नाव दिलं, तेही कुणी हाक मारून नाही, भेटीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं दिसतं म्हणून कळतं. पण दोन गोष्टींना त्यांनी धक्का लावला नाही, एक म्हणजे पेन्सिलीचा तो खरबरीत पोत आणि दुसरं म्हणजे गप्प राहणं. रूपांतर म्हणून हा चित्रपट उभा राहतो तो या दोन गोष्टींवर, असं माझं ठाम मत आहे. इतक्या लोकांनी कष्टाने जपलेली शांतता आपण माइक लावून भरून टाकली तर मुलांना आपण दाखवलं काय?

भाचीबरोबर घरी पाहिला तेव्हाची एक गोष्ट सांगते. स्नोमॅनला गरम व्हायला लागतं आणि मग तो मोठ्या फ्रीझरमध्ये जाऊन सुखाने पडून राहतो असा प्रसंग आहे. भाची उठली, आमच्या फ्रिजचं वरचं दार उघडून हात आत घालून उभी राहिली, आणि थोड्या वेळाने परत येऊन बसली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बर्फ म्हणजे काय हे तिचं तिला कळलं, तेही हाताला.

तुमचं मत सांगा. विशेषतः ज्यांनी लहान मुलांबरोबर तो पाहिला आहे त्यांनी. शेवटाबद्दलही बोला, कारण दोन पालकांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना शेवट झेपेल का असं विचारलं आहे.

कळव्याचा_पूल

छान धागा. पण मी काकांच्या बाजूने. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. मोबाइलवर जे बघतो त्यात सतत कुणीतरी ओरडत असतं. शांत काही लावलं की पाच मिनिटांत उठून जातो. क्लबहाउसमध्ये तीस मुलं असतील, दोघं उठली की सगळी उठतील. अगदी सतत नको, पण सुरुवातीला थोडं बोलावं आणि मग कमी कमी करत जावं. पोरं टिकली पाहिजेत, हा साधा मुद्दा आहे.

घोडबंदर_रोजचा

उठली तर उठू द्यात. माझी मुलगी पहिल्यांदा उठून खेळायला गेली होती आणि उडण्याचं गाणं लागल्यावर खेळ टाकून परत आली. पण शेवटाबद्दल मलाही काळजी वाटते. ती रडली. रात्री झोपताना पुन्हा विचारलं, "तो परत येणार ना?" मला काय बोलावं सुचलं नाही.

पारसिक_बोगदा

महापेला अ‍ॅनिमेशन स्टुडिओत काम करतो. कामाचं सगळं संगणकावर, पण शिकताना हा चित्रपट फ्रेम थांबवून थांबवून पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या काळच्या नेहमीच्या पद्धतीत सेलच्या (चित्र काढायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्याच्या) पुढच्या बाजूला बाह्यरेषा यायची आणि मागच्या बाजूने सपाट रंग भरला जायचा. सपाट रंगामागे कारण आहे. एकच निळा रंग शंभर चित्रांत तसाच्या तसा ठेवता येतो. खडूचा किंवा पेन्सिलीचा पोत तसा ठेवताच येत नाही, हात दर वेळी वेगळा फिरतो. म्हणून कुणी त्या वाटेला जात नसे. 'द स्नोमॅन'मध्ये सेलवर रंगीत पेन्सिली, क्रेयॉन आणि पेस्टल वापरून हाताने घासून रंगवलं आहे. त्यामुळे स्नोमॅन नुसता उभा असला तरी त्याच्या अंगावरचा पोत सतत किंचित हलत राहतो. आमच्या धंद्यात याला 'बॉइल' म्हणतात आणि एरवी तो दोष समजून काढून टाकतात. इथे त्यामुळेच तो श्वास घेतोय असं वाटतं.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून: फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने चालते. हाताच्या अ‍ॅनिमेशनमध्ये साधारणपणे एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. त्या हिशेबाने २६ मिनिटांची १८,७२० होतात. मुलगा आणि स्नोमॅन वेगवेगळ्या सेलवर असतील तर आणखी वाढतात. आणि त्यातलं प्रत्येक चित्र खडूने रंगवायचं.

उडण्याचा प्रसंग मुलांना दाखवाल तेव्हा तुम्ही स्वतः जमिनीकडे बघा. साध्या पद्धतीत मागचं चित्र एकच असतं आणि ते सरकवलं जातं. इथे टेकड्या, शेतं, घरं त्यांच्याखालून वळतात, जवळ येतात, दूर जातात. म्हणजे ती जमीनसुद्धा पुन्हा पुन्हा नव्याने काढलेली आहे. पोटात गोळा येतो तो यामुळे.

दिग्दर्शिका डायॅन जॅक्सन. स्टुडिओ लंडनचा टीव्हीसी, 'यलो सबमरीन' (१९६८) करणारा, आणि निर्माते जॉन कोट्स. जॅक्सनबाईंनी आधी अ‍ॅनिमेटर म्हणून बरंच काम केलं होतं, दिग्दर्शनाची जबाबदारी पहिल्यांदाच घेतली होती. १९९२ मध्ये त्या गेल्या. त्यांचं नाव आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. मुलांना चित्रपट दाखवाल तेव्हा लेखकाबरोबर त्यांचंही नाव सांगा, ही विनंती.

एक कामाची सूचना. मोठ्या टीव्हीवर दाखवणार असाल तर 'मोशन स्मूदिंग' बंद करा. नाहीतर टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने तयार करतो आणि ती थरथर पुसून टाकतो. प्रोजेक्टरवरही सेटिंगमध्ये जाऊन बघा. माइकपेक्षा मला याची जास्त भीती वाटते.

कोपरी_पूर्व

पारसिक, प्रतिसाद जपून ठेवला. घरच्या टीव्हीचं आजच तपासतो.

वाशीची_खाडी

माझं मत थोडं वेगळं आहे. गप्प राहणं जपलं हे मान्य, पण गोष्ट जपली का?

पुस्तकात ख्रिसमस नाहीच. झाड नाही, सांता नाही, उत्तर ध्रुवावरची नाचगाण्याची मेजवानी नाही. फक्त हिवाळा आहे. दोघं ससेक्समधल्या डाउन्स टेकड्यांवरून उडत ब्रायटनला जातात, तिथल्या धक्क्यावर उभं राहून समुद्राकडे बघतात आणि परत येतात. ब्रिग्ज त्याच टेकड्यांच्या पायथ्याशी राहायचे. म्हणजे लेखकाने स्वतःच्या अंगणातून निघून ओळखीच्या समुद्रापर्यंतचाच प्रवास काढला होता. तो लहान आहे म्हणूनच खरा वाटतो. चित्रपटात ब्रायटन खाली दिसतं आणि मागे पडतं, आणि आपण सांताकडे पोचतो. नाताळच्या दिवसांत चॅनल फोर या ब्रिटिश टीव्ही वाहिनीवर दाखवायचा होता म्हणून नाताळ आला, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट गळपट्ट्याची. चित्रपटात सांता मुलाला एक गळपट्टा देतो. शेवटी वितळलेल्या स्नोमॅनसमोर मुलगा खिशात हात घालतो आणि तो गळपट्टा निघतो. म्हणजे रात्र खरी होती. पुस्तकात असलं काही नाही. मुलगा पाठमोरा उभा, समोर ढीग, संपलं. स्वप्न होतं की खरं, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. चित्रपटाने तेवढं आपल्या हातातून काढून घेतलं. मुलांना आधी पुस्तक द्यावं, असं माझं म्हणणं आहे.

कट्टेकरी

वाशीची_खाडी, पुस्तक आधी, हे एकदम मान्य. आदल्या रविवारी पुस्तकच ठेवते.

सांताबद्दल एक सांगायचं आहे. चित्रपटातला सांता हा कुणी दुसऱ्याकडून उसना आणलेला नाही. ब्रिग्ज यांचंच १९७३ चं 'फादर ख्रिसमस' हे पुस्तक आहे, त्याला मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांसाठीचं केट ग्रीनअवे पदक मिळालं होतं, आणि त्यातलाच सांता इथे आला आहे. म्हणजे एकाच माणसाच्या दोन पुस्तकांची गाठ घातली. तरीही तुमचा लहान प्रवासाचा मुद्दा राहतोच, ब्रायटनच्या धक्क्यावरचं ते थांबणं मलाही चित्रपटात हवं होतं.

गळपट्ट्याबद्दल मात्र मी उलट बाजूला आहे. स्वप्न होतं असं धरलं तर मुलाने गमावलं काय? अंगणातला बर्फ, तो तर वितळणारच होता. गळपट्टा हातात आल्यावर कळतं की ज्याने हात धरून उडवलं, मेजवानीला नेलं, तो खरंच होता आणि आता नाही. शेवट त्यामुळे सोपा होत नाही. मोठ्या माणसाच्या जाण्यानंतर घरात त्याचा चष्मा सापडावा तसं ते आहे. चित्रपट करणाऱ्यांनी ही भर फार विचाराने घातली आहे असं मला वाटतं.

वाशीची_खाडी

हे असं मी पाहिलं नव्हतं. पुन्हा बघेन. पुस्तकाचा शेवट मला तरीही जास्त प्रिय राहील, त्यात फक्त पाठमोरा मुलगा आहे आणि चेहरा दिसत नाही.

नौपाड्याची_आजी

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचते. पण लहान मुलांना शेवट झेपेल का हे वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. आता शाडूचा आणतो आणि घरीच मोठ्या घंगाळात विसर्जन करतो. नातू तीन वर्षांचा होता तेव्हापासून तो त्या घंगाळापाशी बसतो. आधी सोंड जाते, मग हात. तो बघत बसतो. पहिल्या वर्षी रडला, सुनेने उचलून आत न्यायचं म्हटलं, मी म्हटलं बसू दे. दुसऱ्या वर्षी तो स्वतःच सगळ्यांना सांगत होता, आता सोंड जाईल, आता हात. आपली मुलं दर वर्षी हे बघतात हो. त्यांना वितळणं नवीन नाही.

घोडबंदर_रोजचा

आजी, नमस्कार. तुमचं वाचून बरं वाटलं. पण एक फरक आहे. आपण "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणतो आणि तो येतोही. मुलीला मी तेच सांगू शकलो असतो. स्नोमॅनला असं कुणी म्हणत नाही. चित्रपट तिथेच थांबतो.

नौपाड्याची_आजी

खरं आहे बाळा. मग तिथे खोटं सांगू नये. पण तिच्याजवळ बसावं. नातू रडला तेव्हा मी काही बोलले नव्हते, मांडीवर घेऊन बसले होते.

कट्टेकरी

आजी, हे मी पालकांच्या ग्रुपवर तुमच्या परवानगीने टाकू का? पाच वर्षांखालच्या मुलांबरोबर घरचं कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसलं पाहिजे, असा नियमच करते. तुमच्यामुळे सुचलं.

ब्रिग्ज यांचं म्हणणंही याच धर्तीचं होतं. त्यांचे आईवडील दोघंही १९७१ मध्ये गेले, दोन वर्षांनी पत्नीही. बर्फाचा माणूस वितळतो, आईवडील जातात, फुलं जातात, त्यात विशेष उदास असं काही नाही, आयुष्यात हे असतंच, अशा अर्थाचं ते एका मुलाखतीत बोलले होते. मुलांपासून ते लपवावं असं त्यांना वाटत नव्हतं. ते स्वतः २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेले.

नौपाड्याची_आजी

टाक ग. विचारायचं काय त्यात.

बेलापूर_बाराखडी

धागा आज पाहिला. संगीताबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते, कारण माइकचा प्रश्न माझ्या मते तिथेच सुटतो.

संगीत हॉवर्ड ब्लेक यांचं. उडण्याच्या वेळचं 'वॉकिंग इन द एअर' हे एकच गाणं आहे, बाकी सगळा वाद्यवृंद. हे संगीत मागे वाजत राहत नाही, गोष्ट तेच सांगतं. स्नोमॅन दबकत घरात पाऊल टाकतो तेव्हा वाद्यंही दबकत चालतात. मोटरसायकल सुटते तेव्हा सगळा वृंद धावतो. उजाडायला लागतं तेव्हा स्वर उतरत जातात आणि मुलाला कळायच्या आधी आपल्याला कळतं की आता परत जायचं आहे. ब्रिटनमध्ये नाताळात सभागृहात पडद्यावर हा चित्रपट लावून समोर वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवतात, ते यामुळेच जमतं. मधे कुणी बोललं तर झाकलं जाईल ते हेच.

आता काकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते, न सांगणं योग्य नाही. ब्लेक यांच्या याच संगीतावर निवेदन असलेली ध्वनिमुद्रिका निघाली होती, बर्नार्ड क्रिबिन्स यांच्या आवाजात. म्हणजे या गोष्टीला शब्द लावणं खुद्द संगीतकाराला वर्ज्य नव्हतं.

गाणाऱ्या मुलाबद्दलही सांगितलंच पाहिजे. चित्रपटात ते गाणं पीटर ऑटी गायला आहे, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या गायकवृंदातला मुलगा. पहिल्या श्रेयनामावलीत त्याचं नाव नव्हतं. १९८५ मध्ये अ‍ॅलेड जोन्सने तेच गाणं गायलं, ते तुफान चाललं, आणि चित्रपटातला आवाज जोन्सचाच अशी लोकांची समजूत झाली. आजही बऱ्याच ठिकाणी तसंच लिहिलेलं सापडतं. ऑटीचं नाव श्रेयनामावलीत यायला २००२ उजाडलं. तुम्ही मुलांना नावं सांगणार असाल तर हेही सांगा. लहान मुलानेच गायलेलं आहे हे कळल्यावर मुलं वेगळ्या कानाने ऐकतात.

कट्टेकरी

बेलापूर, किती छान लिहिलंत. ध्वनिमुद्रिकेचं मला वाटतं असं आहे: तिथे डोळ्यांसमोर काही नाही, म्हणून शब्द लागले. चित्र समोर असताना तेच शब्द मुलाला पडद्यावरून उचलून बोलणाऱ्याकडे बघायला लावतील. निवेदन वाईट म्हणून नको असं मी म्हणत नाही, इथे त्याला काम नाही म्हणून नको.

कळव्याचा_पूल

मी या मुद्द्यावर येतो आहे हळूहळू. पण मग कट्ट्यावर यापुढे काहीच मराठीत सांगायचं नाही का? 'द ग्रफलो' पण दाखवणार असं मागे म्हणाला होतात.

कट्टेकरी

नाही नाही, तिथे तर मराठीत सांगायलाच हवं. 'द ग्रफलो' (२००९, २७ मिनिटं) ज्या पुस्तकावरून केला ते ज्युलिया डोनाल्डसन यांचं १९९९ चं पुस्तक यमकांवर उभं आहे. उंदीर वाचतो तो बोलण्याच्या जोरावर. कोल्ह्याला, घुबडाला, सापाला तो जे ऐकवतो ते मुलांना कळलं नाही तर उरतं काय? तिथे आधी दोन रविवार आपण मराठीत यमकं जुळवून ती गोष्ट म्हणू, मुलांना पाठ होऊ देऊ, आणि मग चित्रपट लावू. जोराजोरात म्हणू देत त्यांना. प्रत्येक पुस्तक कशावर उभं आहे ते बघायचं आणि ते मुलांपर्यंत पोचेल असं करायचं. 'द स्नोमॅन' चित्र आणि संगीतावर उभा आहे.

कळव्याचा_पूल

मग माझी हरकत नाही. मुलाला घेऊन येतो, बाहेरच्यांना चालत असेल तर.

पारसिक_बोगदा

कट्टेकरी, सुरुवात कुठली दाखवणार? तीन आवृत्त्या आहेत. मूळ आवृत्तीत ब्रिग्ज स्वतः शेतातून चालत येतात आणि त्या हिवाळ्याची आठवण सांगतात. अमेरिकेसाठी केलेल्या दुसरीत गायक डेव्हिड बोवी मोठा झालेला जेम्स म्हणून माळ्यावर येतो आणि खणातून तो गळपट्टा काढतो. २००२ च्या तिसरीत अ‍ॅनिमेशनमधला सांता बोलतो. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर सुरुवातीला शब्द आहेतच, पुढे नाहीत.

वाशीची_खाडी

मूळच दाखवा. बोवीचा चाहता असूनही सांगतो. गळपट्टा पहिल्याच मिनिटाला दाखवला तर शेवटी खिशातून निघण्यात काय राहिलं? आणि जेम्स मोठा होऊन असा झाला, हे मुलांना कळायची काहीच गरज नाही.

बेलापूर_बाराखडी

+१, मूळ. लेखक स्वतः चालत येतो ही गोष्ट मुलांना आवडते. पुस्तक कुणीतरी माणसाने केलेलं असतं हे दिसतं.

सीवूड्सचा_पाणथळ

मध्येच एक व्यवहाराचं. घरी बघण्यासाठी विकत घेतलेली डिस्क किंवा ऑनलाइन पाहण्याची वर्गणी म्हणजे सोसायटीत तीस-चाळीस जणांना दाखवण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी हक्कधारकांकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते, तिकीट नसलं तरी. मुलांसाठीचा छोटा कार्यक्रम आहे असं स्पष्ट लिहून विचारा.

कट्टेकरी

आभार. पत्र पाठवलं आहे, परवानगी आल्याशिवाय मोठ्या पडद्यावर लावणार नाही. त्यामुळे तारीख पुढे गेली तर जाईल. पुस्तकाचा रविवार मात्र ठरल्याप्रमाणे होणार. त्याला कुणाची आडकाठी नाही. दोन प्रती आहेत, माझी आणि शेजारच्या ताईंची. मुलांचे छोटे गट करून पान उलटायचं काम आळीपाळीने मुलांनाच द्यायचं असं ठरवलं आहे.

काकांशी काल निवांत बोलले. त्यांना हा धागा वाचायला दिला. ते म्हणाले, "मग मला काय काम?" मी म्हटलं, दिवे मालवण्याआधी तुम्ही बोला. ते नोकरीत असताना हिवाळ्यात सिमल्याला राहिलेले आहेत. ताजा बर्फ पायाखाली कसा वाजतो, रात्री बर्फ पडून गेला की सकाळी सगळे आवाज कसे दबलेले असतात, हे त्यांनी मला इतकं सुरेख सांगितलं की हेच मुलांना सांगा म्हटलं. चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांत मुलगा खिडकीतून बाहेर बघतो तेव्हा मुलांच्या कानात ते असेल. काका खूश आहेत. जॅक्सन, ब्लेक आणि ऑटी ही नावं पण तेच सांगणार आहेत, त्यांनी कागदावर लिहून घेतली.

घोडबंदर_रोजचा

हे फार चांगलं झालं. मी मुलीला पुन्हा दाखवणार आहे, या वेळी शेजारी बसून.

ऐरोलीच्या_चित्रकलाबाई

मी शाळेत चित्रकला शिकवायची, आता निवृत्त आहे. पुस्तकाच्या रविवारी बोलावलंत तर आनंदाने येईन, ऐरोलीहून मानपाडा लांब नाही.

माझं एक म्हणणं आहे. पुस्तक बघून झाल्यावर मुलांना प्रश्न विचारू नका, कागद द्या. पण पांढरा नको. पांढऱ्या कागदावर बर्फ काढता येत नाही म्हणून मुलं निळ्या रंगाने बाह्यरेषा काढतात आणि आत काहीच भरत नाहीत. राखाडी किंवा गडद निळा कागद द्या आणि हातात पांढरा खडू. मग बर्फ म्हणजे रंग लावायचा हे त्यांना कळतं, आणि खडू आडवा धरून घासला की तो खरबरीत पोत आपोआप येतो. पारसिक यांनी लिहिलेली थरथर दाखवायची असेल तर एकाच मुलाला तोच बर्फाचा माणूस दोन वेगळ्या कागदांवर काढायला सांगा, आणि दोन्ही कागद एकावर एक धरून वरचा भराभर उचलून खाली सोडा. अंगावरचा खडू हलतो. मी वर्गात फुलपाखरांवर करून दाखवायची, मुलं तासभर सोडत नाहीत.

पांढरे ऑइल पेस्टल माझ्याकडे भरपूर आहेत, नेहमीच्या पेटीतला पांढराच शिल्लक राहतो ना, वर्षानुवर्षांचे जमलेले आहेत. ते मी आणते. कागद तुम्ही बघा. नौपाड्यात स्टेशनरीच्या दुकानांत रंगीत कार्डशीट मिळते, पण पातळ घेऊ नका आणि चकचकीत तर नकोच, त्यावर खडू घसरतो. हाताला थोडा खरखरीत लागेल असा घ्या आणि एका शीटचे चार तुकडे करा. किती वाजता येऊ ते कळवा.

कट्टेकरी

बाई, पाच वाजता. कागद उद्याच आणते. गेटवर नाव सांगून ठेवते.